बुडालेला माणूस कोणत्या रकान्यात जातो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीपत्रकावर काही वर्षं एक आकडा ठाण मांडून बसला होता: २०१९ साली जगभरात २ लाख ३६ हजार माणसं बुडून मेली. डिसेंबर २०२४ मध्ये याच संघटनेने बुडण्याच्या प्रतिबंधावर पहिला जागतिक स्थिती-अहवाल काढला. त्यात २०२१ सालचा आकडा होता ३ लाख. आणि २००० सालापासून बुडून मरण्याचं प्रमाण ३८ टक्क्यांनी घटलं आहे, असंही त्याच अहवालात ठळकपणे म्हटलं होतं.

म्हणजे दोन वर्षांत ६४ हजार मृत्यू वाढले, आणि तरी घट झाली? त्याच्याही मागे गेलं तर गोंधळ आणखी वाढतो. संघटनेच्या २०१४ च्या अहवालात २०१२ सालासाठी ३ लाख ७२ हजार असा आकडा आहे. ३ लाख ७२ हजार, मग २ लाख ३६ हजार, मग ३ लाख. हे ठिपके जोडून कोणी आलेख काढला, तर जगातल्या तळ्या-नद्या मधली काही वर्षं शांत होत्या आणि मग पुन्हा खवळल्या, असंच वाटेल.

तसं काही झालेलं नाही. हे तीन आकडे एका फुटपट्टीने घेतलेलेच नाहीत. नवा अंदाज बांधताना संघटना फक्त ताज्या वर्षाचा हिशोब करत नाही. दरम्यान हाती आलेली माहिती आणि सुधारलेली पद्धत वापरून मागची सगळी वर्षंही ती पुन्हा मोजून काढते. २०२४ च्या फुटपट्टीवर २००० साली दर लाख माणसांमागे ६.१ मृत्यू भरतात आणि २०२१ साली ३.८. ३८ टक्क्यांची घट आहे ती या एका मालिकेच्या आतली, आणि ती मला खरी वाटते. पण जुन्या पत्रकातला एक आकडा उचलून नव्या अहवालातल्या आकड्याशेजारी ठेवला, की त्यातून जो फरक दिसतो तो मुख्यतः कागदावरचा असतो, पाण्यातला नाही.

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये आरोग्याच्या आकडेवारीचं काम करणारी आणखी एक मोठी संस्था आहे, तिचा हिशोब वेगळा. तिच्या मते अपघाताने बुडून १९९० साली ५ लाख ३१ हजार ९५६ माणसं मेली आणि २०१७ साली २ लाख ९५ हजार २१०. शेवटच्या अंकापर्यंत दिलेला आकडा बघून फसू नये. कोणीतरी दोन लाख पंच्याण्णव हजार दोनशे दहा दाखले एकावर एक रचून मोजले, असा त्याचा अर्थ नाही. तो गणिताच्या प्रतिमानातून बाहेर पडलेला मधला आकडा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बराच रुंद पट्टा आहे. तो पट्टा बातमीत येत नाही, मधलाच आकडा येतो.

मग अंदाज का, सरळ मोजणी का नाही? कारण मृत्यू मोजायचा तर तो आधी कुठेतरी लिहिला जावा लागतो. ज्या देशांत जवळजवळ प्रत्येक मृत्यूची नोंद होते आणि कारण डॉक्टर लिहितो, तिथे मोजता येतं. जिथे नोंदच अर्धवट आहे, तिथला आकडा सर्वेक्षणांवरून, पोलिसांच्या तपशिलावरून, आणि तेही नसेल तर वय, उत्पन्न, भूगोल अशा बाबतींत मिळत्याजुळत्या देशांवरून बेतला जातो. आता गोम अशी की बुडून होणाऱ्या मृत्यूंपैकी ९२ टक्के मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. म्हणजे जिथे माणसं सर्वांत जास्त बुडतात तिथेच दप्तर सर्वांत विरळ. जगाचा जो एकच आकडा आपल्याला सांगितला जातो, त्याचा नीट मोजलेला भाग लहान आणि बेतलेला भाग मोठा आहे.

बुडणं म्हणजे नेमकं काय

मराठीत ‘बुडाला’ म्हटलं की विषय संपला. पैसे बुडाले, धंदा बुडाला, जहाज बुडालं. बुडालेलं परत वर येत नाही असंच आपण धरून चालतो. वैद्यकाची व्याख्या मात्र तशी नाही. २००२ साली ॲम्स्टरडॅमला बुडण्याविषयीची जागतिक परिषद भरली होती. पाण्यात किंवा कुठल्याही द्रवात अंशतः अथवा पूर्ण गेल्यामुळे श्वासाला अडथळा येण्याची प्रक्रिया म्हणजे बुडणं, अशी व्याख्या तिथे ठरली. या प्रक्रियेचे शेवट तीन: माणूस मरतो, किंवा इजा घेऊन वाचतो, किंवा धडधाकट बाहेर येतो.

हे शब्दच्छल वाटेल, पण त्याआधी प्रत्येक जण आपापल्या व्याख्येने मोजत होता. कोणी चोवीस तासांत मेला तरच बुडाला म्हणायचा, कोणी ‘जवळजवळ बुडणं’ असा वेगळा प्रकार करायचा, कोणी ‘ओलं’ आणि ‘कोरडं’ बुडणं. परिषदेने हे सगळे शब्द टाकून द्यायला सांगितलं. दोन दशकं उलटली, तरी दर उन्हाळ्यात ‘कोरड्या बुडण्या’चे घाबरवणारे मेसेज फिरतातच, ते असो.

व्याख्या एक झाली. रकाने मात्र एक झाले नाहीत, आणि खरी मजा, किंवा खरं तर खरी अडचण, तिथे आहे.

एक मृत्यू, आठ रकाने

मृत्यूचं कारण देशोदेशी सारखंच लिहिलं जावं म्हणून आजारांचं आणि मृत्यूच्या कारणांचं एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे. त्याच्या दहाव्या आवृत्तीवर गेल्या काही दशकांची बहुतेक आकडेवारी उभी आहे. प्रत्येक कारणाला एक अक्षर आणि त्यापुढे अंक. अपघाताने बुडण्याचे संकेतांक डब्ल्यू ६५ ते डब्ल्यू ७४. न्हाणीच्या टबात, टबात पडून, पोहण्याच्या तलावात, तलावात पडून, नैसर्गिक पाण्यात, त्यात पडून, आणि शेवटी ‘तपशील नाही’. नदी, समुद्र, तळं, सगळं ‘नैसर्गिक पाणी’ या एकाच पोत्यात. टबासाठी दोन संकेतांक आणि जगातल्या सगळ्या नद्या-समुद्रांसाठीही दोनच. हे वर्गीकरण कोणत्या प्रकारच्या घरांत बसून केलं असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

आता एक माणूस घेऊ. तो पाण्यात गेला, नाकातोंडात पाणी गेलं, श्वास कोंडून मेला. शरीरात जे घडलं ते प्रत्येक वेळी तेच. पण:

तो पोहता पोहता बुडाला असेल, तर डब्ल्यू ६९. नाव उलटून बुडाला असेल, तर व्ही ९०, म्हणजे जलवाहतुकीचा अपघात. नाव ठीक होती, तो नावेच्या काठावरून तोल जाऊन पाण्यात पडला, तर व्ही ९२. पुरात वाहून गेला असेल, तर एक्स ३८, नैसर्गिक आपत्ती. पूल ओलांडताना गाडी कठडा तोडून नदीत गेली आणि तो आत अडकून बुडाला, तर तो वाहन-अपघाताच्या खात्यात. स्वतः उडी मारली असेल तर एक्स ७१, कोणी ढकललं असेल तर एक्स ९२, आणि ढकललं की उडी मारली की पाय घसरला हेच कळलं नाही तर वाय २१.

बातमीत जो ‘बुडून मेलेल्यांचा आकडा’ येतो, तो बहुधा फक्त पहिल्या खणाचा असतो, डब्ल्यू ६५ ते ७४. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजातही पुराचे, जलवाहतुकीचे आणि हेतुपुरस्सर बुडण्याचे मृत्यू धरलेले नसतात. संघटनेने स्वतःच म्हटलं आहे की या पद्धतीमुळे काही श्रीमंत देशांतही खरा बोजा पन्नास टक्क्यांपर्यंत कमी दिसतो. आणि हे त्या देशांचं झालं जिथे प्रत्येक दाखला जागेवर आहे!

मोठ्या दुर्घटना तर या हिशोबात दिसतच नाहीत. २००४ च्या डिसेंबरात हिंदी महासागरातल्या त्सुनामीत सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. त्यांतली असंख्य पाण्यात बुडून. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबियातल्या डेर्ना शहराच्या वरची दोन धरणं वादळी पावसात फुटली आणि रात्रीत हजारो माणसं वाहून गेली. हे सगळे आपत्तीचे बळी. सप्टेंबर २००२ मध्ये सेनेगलची ‘ल जूला’ ही फेरी गांबियाच्या किनाऱ्याजवळ उलटली, तीत अठराशेहून जास्त माणसं मेली. जहाजाची क्षमता सहाशेच्याही आत होती. वर किती जण चढले होते हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं, त्यामुळे मृतांचा आकडाही पुढे वादात राहिला. हे सारे वाहतुकीचे बळी.

या वाटणीमागे तर्क नाही असं नाही. पूर रोखायचा तर बंधारा आणि इशारा-यंत्रणा लागते, नावांचे अपघात रोखायचे तर तपासणी आणि जीवरक्षक जाकिटं, आणि लहान मूल तळ्यात पडू नये म्हणून कुंपण आणि कोणाची तरी नजर. कारणानुसार वेगळं मोजलं तर उपायही वेगळा सुचतो. फक्त हे खण वेगळे आहेत हे विसरून एकाच खणाला ‘एकूण’ म्हणायला लागलो, की घोळ होतो. ज्या देशाचं निम्मं आयुष्य होड्यांवर चालतं, त्याचं दुखणं मग आकड्यात अर्धंच उतरतं.

दाखल्यावरची ओळ

रकान्यांच्या आधी एक पायरी असते, आणि ती मला जास्त बोलकी वाटते. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्यात पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात. वरच्या ओळीत प्रत्यक्ष मृत्यू ज्याने आला ते कारण, त्याखाली ते कशामुळे, त्याखाली ते कशामुळे, असं करत सर्वांत खाली मूळ कारण. आकडेवारीत मोजलं जातं ते हे तळातलं मूळ कारण.

तीन वर्षांचं मूल घराशेजारच्या तळ्यात पडून गेलं, तर दाखला असा हवा: पहिली ओळ, श्वास कोंडणे. दुसरी, पाण्यात बुडणे. तिसरी, घराजवळच्या तळ्यात अपघाताने पडणे. या तीन ओळी असतील तर संकेतांक देणारा कारकून डोळे झाकून डब्ल्यू ७० लिहील.

आता घाईतला दाखला बघू. पहिली ओळ: हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे. बाकी ओळी कोऱ्या.

हृदय आणि श्वास बंद पडल्याशिवाय आजवर कोणीही मेलेलं नाही. या ओळीत मृत्यू झाला एवढीच माहिती आहे, कारण नाही. पण यंत्रणेला काहीतरी संकेतांक द्यावाच लागतो, आणि ते मूल हृदयविकाराच्या किंवा ‘अस्पष्ट कारणां’च्या ढिगात जाऊन पडतं. आकडेवारीवाले अशा संकेतांकांना सरळ ‘कचरा संकेतांक’ म्हणतात. नाव कडक आहे, पण चुकीचं नाही. तो ढीग नंतर उपसून, त्यातले किती मृत्यू कशाचे असतील याची वाटणी गणिताने करावी लागते.

आणि प्रत्येक वेळी दोष घाईचाच असतो असंही नाही. बुडून मेला हे सिद्ध करणारी एक खात्रीची चाचणी शवविच्छेदनात नाही. तोंडा-नाकाशी फेस, फुगलेली फुप्फुसं, अवयवांत सापडणारी पाण्यातली सूक्ष्म शैवालं, यांनी अंदाज बळावतो. पण माणूस पाण्यात बुडून मेला, की आधी मेला आणि मग पाण्यात पडला, हे आजूबाजूची परिस्थिती आणि इतर कारणं बाद करत करतच ठरवावं लागतं. प्रेत चार दिवसांनी मिळालं तर तेही कठीण. पोहताना अपस्माराचा झटका आला आणि बुडाला, तर कारण अपस्मार की पाणी? पोटात दारू सापडली तर? प्रत्येक देश, कधी कधी प्रत्येक डॉक्टर, याचं उत्तर आपापल्या परीने देतो.

याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण जपानमध्ये सापडतं, म्हणजे ज्या देशाचं दप्तर चोख त्याच देशात. तिथे रात्री गळ्यापर्यंतच्या गरम पाण्यात बसून अंघोळ करायची पद्धत आहे. हिवाळ्यात थंड खोलीतून एकदम गरम पाण्यात गेलं की म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब खाली-वर होतो, शुद्ध हरपते, आणि तोंड पाण्याखाली जातं. देशाच्या मृत्यूनोंदीत घरच्या टबात बुडून गेलेल्यांची संख्या वर्षाला पाच हजारांच्या आसपास दिसते, आणि त्यात बहुतेक वृद्ध. हीच संख्या रस्ता-अपघातांत मरणाऱ्या वृद्धांहून जास्त आहे. पण आरोग्य मंत्रालयाच्या एका संशोधन-गटाने अंघोळीदरम्यान होणाऱ्या सगळ्या अचानक मृत्यूंचा अंदाज केला, तेव्हा तो वर्षाला १९ हजारांच्या घरात गेला. मधले कुठे गेले? हृदयविकारात, मेंदूच्या झटक्यात. टबात मेलेल्या म्हाताऱ्याचं शवविच्छेदन झालं नाही, तर डॉक्टर वय बघून हृदयविकार लिहितो. अशी माणसं दाखल्यावर एका जिल्ह्यात बुडतात आणि दुसऱ्या जिल्ह्यात हृदयाने जातात.

इस्पितळात न पोचणारे

बांगलादेशची गोष्ट उलट दिशेने सुरू होते. तिथे कित्येक दशकं मुलांच्या मृत्यूची चर्चा म्हणजे अतिसार, न्यूमोनिया, गोवर. ते योग्यच होतं. त्यानेच मुलं जात होती. लसी आल्या, मीठ-साखरेचं पाणी आलं, ते आजार मागे हटले. मग उरलं काय? इस्पितळांच्या नोंदी बघितल्या तर बुडणं जवळजवळ दिसायचंच नाही.

याचं कारण सांगितल्यावर अगदी साधं वाटतं. बुडालेलं मूल इस्पितळात नेतच नाहीत. काही मिनिटांत सगळं संपलेलं असतं, मग कशासाठी न्यायचं? अतिसाराचं मूल दोन दिवस आजारी असतं, दवाखान्यात येतं, खाटेवर नाव लागतं. बुडालेलं मूल तळ्यातून थेट पुरायला जातं. इस्पितळाच्या वहीला त्याचा पत्ताच नसतो, आणि आरोग्य खात्याचं जग त्या वहीतूनच दिसत असतं.

२००३ साली तिथे वही बाजूला ठेवून माणसं घरोघर गेली. पावणेदोन लाखांच्या आसपास घरं, आठ लाखांहून जास्त माणसं. प्रत्येक घरात विचारलं, गेल्या काळात कोण गेलं, कशाने गेलं. असं विचारण्याला ‘शाब्दिक शवविच्छेदन’ म्हणतात. नातेवाइकांकडून लक्षणं ऐकून कारण ठरवायचं. तापाने गेलेल्या मुलाबाबत ही पद्धत डळमळीत असते, कारण ताप पन्नास कारणांनी येतो. बुडण्याबाबत मात्र ती भक्कम. आपलं मूल तळ्यातून काढलं हे आई विसरत नाही आणि दुसऱ्या कशाशी त्याची गल्लतही करत नाही.

हिशोब आला वर्षाला सुमारे १७ हजार मुलं. दिवसाला ४६. बाल्यावस्थेचं पहिलं वर्ष ओलांडलेल्या मुलांचा सर्वांत मोठा मारेकरी पाणी निघाला, आणि तो इतकी वर्षं वहीत नव्हता.

सर्वेक्षणाने फक्त संख्या दिली असती तर ती आणखी एक संख्या झाली असती. पण त्याने जागा आणि वेळही दिली. मुलं महानद्यांत बुडत नव्हती. घरापासून काही पावलांवरच्या तळ्यांत, डबक्यांत बुडत होती. वेळ सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यानची, आई चुलीपाशी आणि बाप शेतावर असतानाची. मग उपायही त्याच मापाचा निघाला. ‘आंचल’ नावाच्या पाळणाघरांत गावातलीच एक बाई त्या चार तासांत वस्तीतली लहान मुलं सांभाळते. मोठ्या मुलांना गावच्या तळ्यातच बांबूच्या चौकटीत पोहायला शिकवायचं. २०१२ साली छापलेल्या अभ्यासात आंचलमध्ये जाणाऱ्या मुलांत बुडून मरण्याचा धोका ८० टक्क्यांहून जास्त घटलेला दिसला. २०१६ च्या दुसऱ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मुलांचा वार्षिक आकडा साडेचौदा हजारांच्या आसपास आला. अजूनही फार मोठा, पण आता तो लपून नाही. एप्रिल २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बुडण्यावर पहिला ठराव केला आणि २५ जुलै हा दिवस त्यासाठी ठरवला, तेव्हा तो ठराव पुढे रेटणाऱ्यांत आयर्लंडबरोबर बांगलादेश होता, हे उगाच नाही.

घट कुठे, आणि कुठे नाही

आता पुन्हा त्या ३८ टक्क्यांकडे. सरासरी हा प्रकार उथळ वाटणाऱ्या नदीसारखा असतो; कुठे घोटाभर, कुठे डोक्यावर. युरोपीय विभागात २००० ते २०२१ दरम्यान दर ६८ टक्क्यांनी घसरला. आफ्रिकी विभागात फक्त ३ टक्क्यांनी, आणि दरही तिथेच सर्वांत जास्त: लाखामागे ५.६. त्यात दर आणि संख्या यांचा फरक ध्यानात घ्यायला हवा. आफ्रिकेची लोकसंख्या या काळात झपाट्याने वाढली. दर तीनच टक्के घटला आणि माणसं कितीतरी वाढली, म्हणजे प्रत्यक्षात बुडणाऱ्यांची संख्या वाढलीच. आलेखाची रेघ किंचित खाली आणि नवी थडगी जास्त, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं. आफ्रिकेतल्या देशांत नोंदीही सर्वांत विरळ असल्यामुळे ते ३ टक्केसुद्धा मी सैल हातानेच धरेन.

वयाचा हिशोब बघितला तर जवळजवळ निम्मे मृत्यू मुलांचे आहेत. जगभरातल्या दर शंभर मृत्यूंपैकी २४ पाच वर्षांखालच्यांचे आणि १९ पाच ते चौदा वर्षांच्यांचे. यामुळे घटीचा एक भाग आपोआपही येतो. जिथे जन्मदर उतरतो, कुटुंबात मुलं कमी होतात, लोक शहरात येतात, नळ येतो आणि उघडी विहीर-तळं रोजच्या वाटेवरून दूर जातं, तिथे कोणी ‘बुडणं रोखा’ अशी मोहीम काढो न काढो, बुडणं घटतं. श्रेय वाटताना अहवालांना याचा थोडा विसर पडतो, असं माझं मत.

रेघ खालीच जाईल याची हमीही नाही. अमेरिकेत कित्येक वर्षं दर उतरत होता. मग तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ च्या मे महिन्यात जाहीर केलं की २०२० ते २०२२ या काळात दरवर्षी साडेचार हजारांहून जास्त माणसं बुडून गेली, २०१९ पेक्षा सालाला सुमारे ५०० जास्त. एक ते चार वर्षांच्या मुलांत २०२२ चा दर २०१९ पेक्षा २८ टक्के जास्त. महासाथीत तलाव बंद, पोहण्याचे वर्ग बंद, जीवरक्षक मिळेनासे झाले, हे कारण सांगितलं जातं. त्याच पाहणीत अमेरिकेतल्या चार कोटी प्रौढांना पोहता येत नाही असंही दिसलं. ही वाढ इतक्या लवकर दिसली, कारण तिथे मोजमाप चालू होतं. तशीच वाढ विरळ दप्तराच्या एखाद्या देशात झाली असेल, तर ती प्रतिमानाच्या रुंद पट्ट्यात मुकाट्याने विरघळून गेली असेल.

भारताचं बघायचं तर पोलिसांकडच्या अपघाती मृत्यूंच्या नोंदींवरून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आकडा काढतो. २०२२ साली तो ३८ हजारांच्या वर होता. पण पोलिसांकडे जाते ती पोलिसांना कळवलेली घटना. आणि देशभरात वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू एकूण नोंदलेल्या मृत्यूंच्या पाव भागाइतकेही नाहीत. म्हणजे पोलीस आणि आरोग्य अशा दोन खिडक्या आहेत, आणि दोन्हींतून वेगळं अंगण दिसतं.

नीट मोजणारे काय करतात

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न खूप आधी सोडवायला घेतला. तिथली जीवरक्षक संस्था एका खिडकीवर भरवसा ठेवत नाही. अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरांच्या नोंदी, पोलिसांचे अहवाल आणि वर्षभरातल्या बातम्या एकमेकांवर ताडून ती प्रत्येक मृत्यूची एक फाइल करते, मग संकेतांक काहीही असो. २०२३-२४ मध्ये तिने ३२३ मृत्यू मोजले. त्यातला प्रत्येक कुठे, कोणत्या पाण्यात, काय करताना, हे सांगता येतं. त्यामुळे नदी समुद्राइतकीच मारक आहे अशा, समुद्रकिनाऱ्याच्या प्रेमात असलेल्या देशाला न रुचणाऱ्या गोष्टीही पुढे आल्या. ब्रिटनमध्येही पाण्याशी संबंधित सगळ्या मृत्यूंची अशीच एकत्र नोंदवही आहे, तीत अपघात आणि आत्महत्येचा संशय वेगळे ठेवतात पण एकाच वहीत.

वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ च्या जानेवारीपासून लागू आहे. तीत मूळ कारणाला जागा, कृती, वस्तू असे जोड-संकेत लावता येतात, त्यामुळे नदी आणि समुद्र यांची एकदाची फारकत होऊ शकेल. पण देशांना दहावीवरून अकरावीवर यायला वर्षं लागतील, आणि फुटपट्टी बदलली की आलेखात पुन्हा एक खोटी पायरी दिसेल. ती पायरी बघून कोणीतरी पुन्हा बातमी करेलच.

आणि काही मृत्यू कोणत्याच देशाच्या वहीत नसतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये इटलीच्या लॅम्पेडुसा बेटाजवळ स्थलांतरितांची बोट बुडून ३६८ माणसं गेली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने हरवलेल्या स्थलांतरितांची मोजणी सुरू केली. २०१४ पासून एकट्या भूमध्य समुद्रात तीस हजारांहून जास्त माणसं मेलेली किंवा बेपत्ता आहेत. ज्या देशातून निघाले तिथे मृत्यूची खबर नाही, जिथे जायचं होतं तिथे पोचले नाहीत, आणि प्रेत नाही म्हणून दाखला नाही. वाचलेल्यांनी सांगितलं तर कळतं, नाहीतर किनाऱ्याला काही लागलं तर. एकही जण न वाचलेल्या बोटींना ही मोजणी करणारे ‘अदृश्य बुडालेली जहाजं’ म्हणतात.

वही नसेल तिथे मोजायची एक फार साधी रीत भारतातल्या सुंदरबनात वापरली गेली. २०१९ साली अभ्यासकांनी गावोगावी लोकांना एकत्र बसवलं आणि विचारलं: गेल्या तीन वर्षांत इथलं कोणतं मूल पाण्यात गेलं? एकाला एक आठवायचं, दुसऱ्याला पलीकडच्या वाडीतलं दुसरं. मग त्या त्या घरी जाऊन खात्री करून घेतली. एक ते चार वर्षांच्या मुलांत दर निघाला लाखामागे सुमारे २४४. सगळ्या वयांचा मिळून जगाचा दर ३.८ आहे.